सागर हॉटेलमधला उलटा माणूस

"माझं कुंकू ठेवायचं का पुसायचं, येवढंच सांगा मले. बाकी काही नको."

बाई खुर्चीवर बसलीच नाही. उन्हातून आली होती, पायात चप्पल नव्हती, आणि कपाळावरचं कुंकू घामानं जरा ओघळलं होतं. महादेवराव इंगळ्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. बुलडाण्यात खाजगी चौकशीचं काम करणारा हा एकच माणूस. त्यांच्याकडे यायचे ते बैलचोरीचे आणि बांधावरच्या भांडणाचे लोक. असला प्रश्न घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं.

"बसा आधी," महादेवराव म्हणाले. "तुळशीराम, पाणी दे."

तुळशीराम म्हणजे महादेवरावांचा लहानपणापासूनचा मित्र. सायकलचं दुकान पुतण्यावर टाकून तो दिवसभर इथंच पडलेला असायचा. पोटानं मोठा, काळजानं लहान. भुताखेताचं नाव काढलं की शर्टाच्या आतला ताईत चाचपायचा.

बाईचं नाव कौशल्याबाई. सासर लोणार, माहेर रोहिणखेड. लोणारला तिच्या सासऱ्यांची जुनी खाणावळ होती. ते गेल्यावर ती खाणावळ त्यांच्या दोन मुलांकडे आली. थोरले पंजाबराव, म्हणजे तिचे भासरे, आणि धाकटा शालिग्राम, तिचा नवरा. आता तळं पाहायला शास्त्रज्ञ येतात, परदेशी पाहुणे येतात, म्हणून पंजाबरावांनी खाणावळ पाडून हॉटेल बांधायला काढलं होतं.

"समुद्राच्या काठी असते तसं हाटेल पाहिजे म्हने त्याहीले. पानी इथंही खारंच हाये म्हने. मालवनकडचा मेस्त्री आनला. नाव ठेवलं सागर."

"पंजाबरावांनी समुद्र पाहिला आहे?"

"नाई. क्यालेंडरवर पाह्यला."

तुळशीराम खुदकन हसला. महादेवरावांनी डोळे वटारले तसा गप्प झाला.

"मग भांडण कशावरून?"

"विहिरीवरून. आंगनात आमची गोड्या पान्याची विहीर होती. भासरे म्हनत, बुजवा, तिथं जेवनाचा हॉल करू. हे म्हनत, बुजू देनार नाई." कौशल्याबाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती. "मी होळीले माहेरी निघाली, तवा यायनं मले शब्द देल्ला. म्हने, बुजवाचीच वेळ आली तर तू येऊन विहिरीची ओटी भरशील, मगच पयली पाटी पडन. घरात सवाष्ण मी एकटीच. भासऱ्यांची मंडळी कवाच गेली."

ती परत आली तेव्हा विहिरीच्या जागी फरशी होती आणि नवरा नव्हता. होळीच्या रात्री भांडून, पहाटे पहिल्या गाडीनं कुठंतरी निघून गेला, असं भासरे म्हणाले. पोलिसांत नोंद झाली होती. पण भांडून गेलेला माणूस, येईल राग उतरल्यावर, असंच सारे धरून चालले होते.

"ओळखायची काही खूण?"

"डाव्या हाताची करंगळी नाई. कडबा तोडताना गेली."

"आणि आत्ताच का आलात?"

तिनं पदर सारखा केला. आवाज एकदम खाली आला.

"हॉलच्या भिंतीवर मानूस उमटून राह्यला, दादा. पांढरा. पाय वर, डोकं खाली. तेही भर दुपारी. पुसला तरी पुन्हा येते. गाव म्हनते, शालिग्राम भिंतीत हाये, पूस कुंकू. भासऱ्यांनी चारचौघांत भिंत फोडून दाखवली. आत काहीच नाई. ते म्हनतात, जित्ता हाये, वाट पाह्य. मी करू काय? रोज सकाळी आरशापुढं हात थरथरते माहा."

तुळशीरामचा हात ताइताकडे गेला.

"उद्याच्या गाडीनं येतो," महादेवराव म्हणाले.

*

वैशाखातलं लोणार. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. गावाच्या कडेला जमीन एकदम खाली उतरते आणि तळाशी ते हिरवट तळं पडलेलं असतं. वारा तिकडून आला की खाऱ्या चिखलाचा उग्र वास घेऊन येतो. सागर हॉटेल त्या वाऱ्याच्या तोंडावरच उभं होतं.

पंजाबराव दारातच भेटले. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, डोळ्यांखाली काळं, बोलताना सारखी मान पुसणारा.

"या इंगळे साहेब. कौशल्येनं उगा तुमाले तरास देल्ला. पाहा, सारं उघडं हाये. भिंत मीनं सोता फोडली. काय लपवाचं हाये मले?"

हॉल पाहून तुळशीरामनं आ वासला. चारी भिंती निळ्या. खालून कंबरेपर्यंत लाटा काढलेल्या, त्यावर दोन होड्या, वर पांढरे पक्षी. समुद्रापासून इतक्या लांब, मेहकरच्या रस्त्यावर, हा समुद्र! बंद खिडक्यांमागे त्यात उभं राहिलं की खरोखर बुडाल्यासारखं वाटायचं. पूर्वेच्या भिंतीवर मधोमध नव्या गिलाव्याचं मोठं ठिगळ होतं, तेही निळं केलेलं. त्याच भिंतीजवळ जुन्या अंगणातला एक सागवानी खांब तेवढा ठेवला होता.

"इथंच उमटते," पंजाबराव म्हणाले. ते स्वतः उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "रोज सकाळी जनकाकडून भिंत पुसून घेतो. तरी दुपारी हाजर."

जनकाबाई म्हणजे खाणावळीची जुनी स्वयंपाकीण. म्हातारी, वाळकी, तोंडात शब्द नाही. शालिग्रामला तिनंच अंगाखांद्यावर खेळवलेला. ती त्या वेळी भिंतच पुसत होती. बादलीत फडकं बुडवून तिनं सारी भिंत ओली केली. मग मातीच्या परळातलं दुसरं फडकं घेऊन मधल्या भागावरून पुन्हा एकदा सावकाश हात फिरवला.

"दोनदा पुसते बिचारी," तुळशीराम हळहळला. "मनापासून काम करते, नाही का?"

"फार मनापासून," महादेवराव म्हणाले.

ओली भिंत सारखी गडद निळी दिसत होती. तिच्यावर काहीही नव्हतं. जनकाबाई बादली उचलून गेली. महादेवरावांनी खिडक्या तपासल्या, दाराला आतून कडी घातली. आत राहिले ते दोघं आणि मालवणचा धुरी मेस्त्री. मेस्त्री काटकुळा, विडी ओढणारा. आजवर बंदरावरच्या हॉटेलांची कामं केलेला.

तिघं बाकावर बसले. बाहेर ऊन चढत होतं. पत्रे कडकड वाजत होते, दुसरा आवाज नाही. तुळशीरामनं धीर यावा म्हणून सुपारी काढली, ती हातातून निसटली. सपाट फरशीवर ती थांबायला हवी होती. ती गडगडत निघाली, वळली, पूर्वेच्या भिंतीकडे गेली आणि तिथं जाऊन थांबली.

"महादेवा," तुळशीराम कुजबुजला, "तिले कोनीतरी बोलावलं."

"गप बस. वर बघ."

भिंत वाळत होती. निळ्यावर आधी एक पांढरट डाग फुटला. मग दुसरा. कोणाचाही हात न लागता त्यांतून दोन पाय झाले, छताकडे गेलेले. मग कंबर. मग खाली लाटांकडे पसरलेले दोन हात, आणि सगळ्यांत शेवटी, पार खाली, डोकं. हळूहळू तो पांढरा फटफटीत झाला. निळ्या पाण्यात बुडी मारावी तसा तो माणूस तिथं उलटा लटकत होता.

तुळशीराम बाकाखाली कधी गेला ते त्यालाही कळलं नाही. मेस्त्री डोळे मिटून रवळनाथाचं नाव घेत होता. महादेवराव मात्र उठून भिंतीपाशी गेले. एका बोटानं त्यांनी त्या माणसाचा पाय पुसला आणि बोट जिभेला लावलं.

"अरे, मरायचंय का तुले?" बाकाखालून आवाज आला.

महादेवरावांनी तोंड वाकडं केलं. मग ते खांबाकडे वळले, खाली बसले, खांबाच्या भिंतीकडच्या अंधाऱ्या बाजूला काडी पेटवून बराच वेळ पाहत राहिले.

"तुळशीराम, इकडे ये."

तुळशीराम रांगत आला. खांबावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, हाताचा पंजा उमटला होता. जांभळा. बोटं खाली ओढलेली. अंगठा, आणि तीन बोटं.

तुळशीरामनं किंकाळी फोडली ती पार बाजारपेठेपर्यंत ऐकू गेली असेल.

*

"मेस्त्री," बाहेर ओसरीवर चहा पाजत महादेवरावांनी विचारलं, "खांब कधी तासला?"

"मी शिमग्याक घराक गेल्लंय ना, त्याच्या आदल्या दिसा. रंधो मारून साफ गुळगुळीत केलंय. पॉलिश मात्र रवला."

"तेव्हा पंजा नव्हता?"

"देवाशपथ नाय."

"आणि विहीर?"

"उघडीच होती. पाणी भरी होती बायका. शिमगो करून परत येतंय तर फरशी घालून मोकळे. माका इचारला सुद्धा नाय." मेस्त्रीच्या आवाजात खरा राग होता. "असो भराव घालतत काय? दगडमाती टाकून पाणी मारून महिनोभर बसाक दिवक होयी. आता खचलीहा बघा फरशी त्या पूर्वेच्या भिंतीकडे. मी शेटांक म्हटलंय, उखडूया, नीट करूया. तर अंगावर धावले. भिंत फोडूक तयार, पण फरशीक हात लावूक नाय!"

"शिमग्याला दर वर्षी जाता?"

"म्हणजे काय? कोकणातलो माणूस शिमग्याक घराक जाणार नाय तर खंय जाणार?"

"हे पंजाबरावांना ठाऊक होतं?"

"सगळ्यांका ठाऊक."

मग जनकाबाईची पाळी आली. ती चुलीपाशी उडदाचं पीठ मळत होती. हात खडबडीत, बोटांच्या पेरांवर भेगा. बाजूच्या परळात पांढरी पूड होती. महादेवरावांनी चिमूटभर उचलली.

"पापडखार?"

तिनं मान हलवली.

"तळ्यावरचा?"

पुन्हा मान.

"जनकाबाई, होळीला तुम्ही इथंच होतात. काय झालं त्या दिवशी?"

तिनं पिठातून हात काढला. समोर देवघरात निरंजन तेवत होतं, त्याच्याकडे तिनं पाठ केली.

"मले काही इचारू नका, बापा. या तोंडातून काही निघनार नाई."

तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. महादेवराव उठले, जाता जाता म्हणाले, "पापड भाजा दोन. तुळशीरामला धीर येईल."

शेवटी पंजाबराव. ते हॉटेलच्या गल्ल्यामागे बसले होते.

"विहीर केव्हा बुजवली म्हणता?"

"होळीच्या आदल्या दिवशी. शालिग्राम राजी झाला होता ना. पयली पाटी त्यानंच टाकली. कामाले परगावचे गडी होते, काम झालं तसे गेले."

"मग भांडण?"

"होळीच्या रात्री. हिश्श्यावरून. पहाटे पहिल्या गाडीनं गेला."

"धुळवड खेळलाच नाही?"

"कुठची धुळवड? रंगाले हात लागाच्या आत निघाला तो." पंजाबरावांनी मान पुसली. "साहेब, माहा सख्खा भाऊ हाये तो. मले कमी दुख हाये काय? पन ते भिंतीवरचं… ते काय हाये, ते सांगा पयले. झोप नाई मले."

ते मात्र खरंच बोलत होते. माणूस मनापासून घाबरलेला होता.

रात्री जेवताना तुळशीराम म्हणाला, "मले तर वाटते मेस्त्रीनंच काही केलं. कोकणातले लोक करणी करतात म्हने."

"तुळशीराम, पापड कसा लागला?"

"झकास. का?"

"भिंतीची चव हीच होती. नुसती, उडदाशिवाय."

तुळशीरामनं हातातला अर्धा पापड उलटसुलट करून पाहिला. त्याला काही उमगलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये सगळे जमले. महादेवरावांच्या सांगण्यावरून ठाण्यातले जमादारही येऊन दारात उभे होते. कौशल्याबाई खांबाजवळ बसली. पंजाबराव आज नाइलाजानं आत आले, पण भिंतीकडे पाहत नव्हते.

"भुताचं आधी सांगतो," महादेवराव म्हणाले. "तळ्यावरचा खार पाण्यात कालवला आणि ओल्या भिंतीवर फडक्यानं चितारलं, तर ओलं असेपर्यंत काही दिसत नाही. पाणी उडालं की खार पांढरा फुलतो. वैशाखाच्या उन्हात त्याला घटकाभरही लागत नाही. म्हणून तो भर दुपारीच यायचा. दाराला कडी घालून काय उपयोग? तो कडी घालण्याआधीच भिंतीवर होता. आमच्या डोळ्यांदेखत काढला होता."

"कोनं?" पंजाबराव ओरडले.

"भिंत दोनदा कोण पुसतं? एकदा बादलीतल्या पाण्यानं, एकदा परळातल्या. तुम्हीच तर रोज पुसायला सांगत होता."

सगळे जनकाबाईकडे वळले. ती जमिनीकडे पाहत होती.

पंजाबरावांचा चेहरा लालबुंद झाला. "जनके! तू? निरंजनावर हात ठेवून तुनं शपथ वाह्यली होती!"

बाहेरचे पत्रे कडकडले.

"कशाची शपथ, पंजाबराव?" महादेवरावांनी अगदी हळू विचारलं.

पंजाबराव दाराकडे सरकले; तिथं जमादार उभे होते.

"राहू द्या. मी सांगतो. बाईनं शपथ घेतली, या तोंडातून शब्द काढणार नाही म्हणून. आणि तिनं ती पाळली. मलाही सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं, बाईला लिहिता येत नाही, बोलायचं तिनं सोडलं, आता भीती कशाची? पण हातानं चितारणार नाही, अशी शपथ तुम्ही घातली नव्हती. तिनं जे पाहिलं तेच काढलं. गावानं म्हटलं, भूत आहे, भूत उलटंच असतं. मी म्हटलं, माणूस पाय वर आणि डोकं खाली कधी असतो? पडताना. आणि त्याच्याखाली काय होतं? सुपारी टाकून पाहा हवं तर. काल ती आपसूक तिथं गेली, कारण भराव बसतोय. त्याखाली विहीर आहे. तुम्ही बेलाशक भिंत फोडलीत, कारण तिथं काही नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. फरशीला मात्र मेस्त्रीला हात लावू दिला नाही."

"तो गाडीनं गेला!" पंजाबराव म्हणाले. आवाज फाटला होता.

"रंगाला हात लागायच्या आत गेला, असं तुम्ही म्हणालात. मग या खांबावर जांभळा पंजा कोणाचा? तीन बोटं आणि अंगठा. मेस्त्रीनं शिमग्याला जाण्याआधी खांब तासून साफ केला होता. म्हणजे धुळवडीला, हाताला रंग लागलेला शालिग्राम इथं, विहिरीपाशी होता. हात धुवायला आला असेल. पंजा गुडघ्याच्या उंचीवर आहे, बोटं खाली ओढलेली आहेत. जाणारा माणूस असा खांब धरत नाही. आणि विहीर आदल्या दिवशी बुजली असती, तर तो पडला कुठं? त्यानं बायकोला शब्द दिला होता, ती आल्याशिवाय पहिली पाटी पडणार नाही. तो असेपर्यंत पडलीच नाही. तो पडल्यावर पडली."

कौशल्याबाईनं खांबाकडे पाहिलं. हात लांब करून तिनं तो पंजा शोधला आणि त्यावर आपला तळवा ठेवला.

पंजाबराव जमादारांकडे वळले. "मले ढकलाचं नव्हतं हो… मेस्त्री यायच्या आत काम उरकाचं होतं, आन हा आडवा आला. म्हने, कौशल्या आल्याशिवाय नाई. सारखं तेच. मीनं नुसतं सर म्हनून…"

"आवाज देत होता तो," जनकाबाई एकदम म्हणाली. तोंडावर पदर होता, तरी सगळ्यांनी ऐकलं. "दादा, दोर टाक, म्हने. यायनं वरून पाडलेल्या खानावळीचे कवेलू टाकले." मग तिनं देवघराच्या दिशेनं हात जोडले. शपथ मोडली होती.

जमादारांनी पंजाबरावांच्या खांद्यावर हात ठेवला. तुळशीराम भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत होता, ताईत वगैरे सारं विसरून.

मेस्त्री पहार उचलून खचलेल्या फरशीपाशी गेला.

"थांबा, मेस्त्री," कौशल्याबाई म्हणाली.

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं होतं, कुंकू नवं, ठसठशीत लावलेलं, आणि ताटात नारळ, तांदूळ, खण, हळकुंड. तिनं त्या खचलेल्या फरशीवर पाट मांडला. हात अजिबात थरथरत नव्हता.

"कौशल्याबाई," महादेवराव म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर…"

"ठाऊक हाये, दादा. पन फरशी निघेपर्यंत मी सवाष्ण हाये. यायनं शब्द देल्ला होता, मी आल्याशिवाय नाई म्हनून. तो यायनं पाळला. मी आली आता."

तिनं वाकून विहिरीची ओटी भरली. तांदळाचे चार दाणे घरंगळत कालच्या सुपारीपाशी जाऊन थांबले. मग ती बाजूला सरली, कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं आणि मेस्त्रीला म्हणाली, "मारा पहार."